दोन प्रोसेसर आणि तिसरं वळण

जयराजनं टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर आईच्या व्हिडिओ गेमला जोडला, डब्यातून धूर निघाला आणि शालूबाईंनी मुलाशी बोलणं बंद केलं.

तो डबा फौजेतल्या थोरल्या मुलानं आणला होता. पायाला प्लास्टर घातल्यापासून शालूबाई त्यावर घाटातली मोटारशर्यत खेळायच्या. तिसऱ्या वळणावर त्यांची गाडी दरीत जायची. रोज जायची. पुढं काय आहे हे एकदा तरी बघायचं म्हणून त्या पुन्हा बसायच्या.

जयराज मलकापुरात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या कपिलकडं गेला. दोघं शाळेपासूनचे मित्र.

"गेमची सीडी शाबूत हाय न्हवं?" कपिलनं विचारलं. "मग एम्युलेटर लावू. त्यो प्रोग्राम चालू केला की कॉम्प्युटरच त्या डब्याचं सोंग घेतोय."

शालूबाईंना रिक्षातून आणलं. सोंग वठलं, पण गाडी चिखलातून चालल्यासारखी निघाली आणि इंजिन रेड्यासारखं हंबरायला लागलं.

"काकी, उद्या या," कपिल म्हणाला. "आम्रपालीच्या मशीनमधी दोन प्रोसेसर हायती. त्यावर दुप्पट पळंल."

आम्रपाली म्हणजे त्याची बायको. पुण्याच्या एका कंपनीनं मोडीत काढलेल्या त्या मशीनवर ती लग्नपत्रिका टाइप करायची. कपिलनं त्यावर एम्युलेटर टाकला. गाडी तेवढीच रेंगाळली. मग त्याच्या ध्यानात आलं, की मशीनवरची साधी विंडोज एकच प्रोसेसर ओळखते. त्यानं दोन्ही ओळखणारी दुसरी विंडोज टाकली. टाकताना डिस्क पुसली गेली, आणि डिस्कबरोबर नानासों नावाच्या गिऱ्हाइकाच्या मुलीची पत्रिकाही.

दुसऱ्या दिवशी जयराज शालूबाईंना घेऊन आला तेव्हा आम्रपाली शेजारच्या मशीनवर तीच पत्रिका पहिल्यापासून टाइप करत होती. कपिलकडं न बघता.

नव्या विंडोजमध्ये गेमचा आवाज गेला होता. गाडी मात्र कालच्याच चालीनं निघाली. कपिलनं प्रोसेसर किती काम करतात ते दाखवणारा आलेख उघडला. एक रेघ छताला टेकलेली, दुसरी जमिनीवर आडवी.

"दुसरा काय करतोय?" आम्रपालीनं न राहवून विचारलं.

"काय न्हाई. प्रोग्राम लिवणाऱ्यानं समदं काम एकाच्याच गळ्यात घातलंय. डब्यातलं चित्र, आवाज, गाडी, समदं एकापाठोपाठ एक. दुसऱ्याला वाटून द्यायचं तर प्रोग्रामच नव्यानं लिवाय पायजे."

"म्हंजी एकजण मरतोय आन् दुसरा बसून हाय," शालूबाई कपिलला म्हणाल्या. "आमच्या घरात बी तसंच हाय. त्याला सांग."

जयराज खिडकीबाहेर बघायला लागला.

"काकी, माफ करा," कपिल म्हणाला. "हे काय जमंना. बंद करतो."

"हात लावू नगंस."

शालूबाई पुढं सरकल्या. पहिलं वळण गेलं. दुसरंही गेलं. तिसरं वळण इतक्या सावकाश आलं, की त्यांना पदर सावरून बटण दाबायला वेळ मिळाला. गाडी दरीच्या कडेनं अलगद वळली.

आम्रपालीचं टायपिंग थांबलं. ती खुर्ची घेऊन जवळ आली.

पुढं बोगदा होता. बोगद्यापलीकडं निळं तळं आणि त्यावर एक पूल. शालूबाईंनी पुलाच्या मधोमध गाडी थांबवली. मागच्या गाड्या एकेक करून पुढं निघून गेल्या.

"काकी, आवं, शर्यत चाललीय," कपिल म्हणाला.

"जाऊ देत की त्यास्नी. जया, हिकडं ये. ह्ये बघ, तळ्यात बदकं हायती."

जयराज लगबगीनं आला आणि आईच्या खुर्चीमागं वाकून उभा राहिला. बऱ्याच वेळानं गाडी शेवटच्या रेषेपलीकडं गेली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं.

"काय म्हनतोय त्यो?"

"तुमचा शेवटचा नंबर आला, काकी."

"बरोबर हाय," शालूबाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी कुठं काय बघितलं?"