एकुलता एक तुकडा

केसाएवढी बारीक तार नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस आमच्या प्रयोगशाळेत एकच. मी!

ही तार साधी नव्हे. तिच्यातले अणू शाळा सुटल्यासारखे कसेही विखुरलेले. पण चुंबकत्व बदलायची वेळ आली की सगळे एका क्षणात पाठ फिरवतात आणि पडद्यावर झपकन चौकोन उमटतो. साडेतीनला परीक्षक तो चौकोन बघणार होते. त्यावर प्रयोगशाळेची पुढची दोन वर्षं ठरणार होती. आणि तुकडा उरला होता एकच, माझ्या टेबलावर ठेवलेला.

आमच्या प्रमुख बाई बजावून गेल्या, "टेबलावर डबा उघडायचा नाही!"

मी उघडला. तारेवर लक्ष नको ठेवायला? डब्याला बांधलेलं आईचं जुनं फडकं झटकलं आणि जेवायला बसलो. दुसऱ्याच घासाला दातात काहीतरी अडकलं. चकचकीत पांढरा केस! लगेच फोन लावला.

"आई, भाजीत तुझा केस!"

"शक्यच नाही. नीट बघ."

"तारा ओळखणारा माणूस मी, केस ओळखणार नाही?"

"मग उद्यापासून डबा तूच कर!"

केस कचऱ्यात टाकला.

साडेतीनला टेबलावरची तार चिमट्याने उचलून वेटोळ्यात बसवली. बाईंनी कळ दाबली. पडद्यावर सरळ रेघ!

"प्रवाह वाढवा!" रेघच.

"ताण देऊन बघा. ताणाने फरक पडतो," परीक्षक म्हणाले. ताण दिला. रेघ ढिम्म!

"चुंबकाला अजिबात न जुमानणारी तार?" परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली. "हा तर शोधच म्हणायचा!"

"की यंत्र बिघडलंय?" बाईंना घाम फुटला. "जरा तापवून बघू."

तापवली. खोलीभर करपट वास सुटला.

"केस जळतोय," परीक्षक टकलावरून हात फिरवत म्हणाले. "मला अजून आठवतो तो वास."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फडक्याकडे. त्यावर आणखी दोन पांढरे केस होते.

"डबा उघडलात?"

"उघडला."

"आणि तार?"

"...बहुतेक मी चावली."

बाईंनी स्वतः कचऱ्यात चुंबक फिरवला. तार वर आली, भाजीच्या फोडीसकट! धुतली, बसवली, कळ दाबली. झपकन चौकोन!

प्रयोगशाळेला दोन वर्षं मिळाली. मी आईला फोन केला.

"आई, भाजीत केस नव्हता. तार होती."

"आणि माझा केस?"

"तो यंत्रात होता. जळला."

फोन बंद.

तार एका क्षणात फिरते. आई तीन आठवडे झाले तरी फिरलेली नाही. डबा मीच करतो. काल भाजीत केस निघाला. काळा, आखूड. नुसत्या नजरेने ओळखला!