नऊ नंबरचा मान

जुन्या खेळाडूंचा मान कसा करावा हे उभ्या महाराष्ट्रात एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस आपण, अशी ख्रिस्तोफर साळवेची पक्की खात्री होती. शिरूरच्या मिशन कंपाउंडातल्या फुटबॉल क्लबचा तो सेक्रेटरी. रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला असल्यामुळं दुसऱ्याच्या कामातली खोट त्याला लांबून दिसायची. स्वतःच्या कामातली दिसायची नाही, पण त्याचा पगार कंपनी देत नव्हती.

"शाल बंद, नारळ बंद," त्यानं मीटिंगमध्ये जाहीर केलं. "परदेशातले मोठे क्लब काय करतात? नंबर निवृत्त करतात! नथानिएल मामांचा नऊ नंबर आजपासून कुणीही घालायचा नाही. कायमचा."

"मग मी काय घालू?" सुरजनं विचारलं. सुरज टीमचा कॅप्टन, आणि सध्या नऊ नंबर त्याच्याच पाठीवर होता.

"दुसरा कुठलाही घाल. आकड्यांना काय तोटा आहे?"

हे वाक्य बोलताना ख्रिस्तोफरनं टेबलावर थापही मारली होती, असं सगळ्यांना पुढं पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

नथानिएल मामा म्हणजे काय चीज, हे सांगायला हवं. शहात्तर साली दौंडच्या टीमला दौंडच्याच मैदानावर त्यांनी शेवटच्या मिनिटाला गोल मारला होता आणि चषक शिरूरला आणला होता. आठ वर्षांपूर्वी क्लबनं त्यांचा सत्कार केला तेव्हा शाल मिळाली, पण त्यांची पाळी येईस्तोवर नारळ संपले. शेवटचा नारळ मांडववाल्याच्या मेव्हण्याला गेला. तेव्हापासून मामांनी मैदानाचं तोंड पाहिलं नव्हतं. बाजारालासुद्धा ते लांबच्या रस्त्यानं जात. ख्रिस्तोफरला बॉल लाथाडायला याच मामांनी शिकवलं होतं. यंदा फायनलला शिरूरसमोर पुन्हा दौंडच होतं, आणि त्या दिवशी मामा मांडवात पहिल्या खुर्चीवर बसलेले असावेत, याखेरीज ख्रिस्तोफरला तूर्तास आयुष्यात दुसरं काहीही नको होतं.

तो मामांच्या घरी गेला, तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी माझा नंबर आता कुनाच्याच अंगावर दिसायचा न्हाई?"

"नाही मामा."

"आन् शर्ट?"

"तो तुमचा. फायनलला घालून यायचं आणि पहिल्या खुर्चीत बसायचं."

त्यांच्या बायकोनं, दयाबाईंनी, न सांगता दुसऱ्यांदा चहा टाकला. ख्रिस्तोफर शीळ वाजवत घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता केंदूरहून तात्याबा हजर. तात्याबा म्हणजे त्याच शहात्तरच्या टीमचे लेफ्ट बॅक. तेव्हा मेंढरं भावाच्या हवाली करून ते अनवाणी खेळायला यायचे.

"नथानिएलनं गोल मारला, मान्य," ते ओट्यावर बसत म्हणाले. "त्याला पास कुनी दिला?"

"तुम्ही, आबा."

"मंग माझा तीन नंबर काय सावत्र हाय व्हय?"

ख्रिस्तोफरनं तीन नंबरही निवृत्त केला. इथंच त्याचं चुकलं. आपल्याकडं लग्नात एका मामाला फेटा बांधला की बाकीचे मामा आपोआप डोकं पुढं करतात, हे परदेशातल्या क्लबांना ठाऊक नसतं. ख्रिस्तोफरला ठाऊक असायला हरकत नव्हती, त्याच्या स्वतःच्या लग्नात सतरा फेटे लागले होते. दुपारी इनामगावहून सिंधूबाई आल्या. त्यांचे मालक ज्ञानू त्या टीमचे गोलकीपर, आता हयात नाहीत. बाई त्यांचा फोटो मांडीवर घेऊन तासभर नुसत्या बसल्या. त्या उठायच्या आत एक नंबर निवृत्त झाला होता.

शनिवारपर्यंत एक ते अकरा सगळे नंबर संपले. रविवारी बाकावर बसणारे चौघं आले. "आमी बाकावर बसलो म्हनून तर ह्यांना मैदानात जागा झाली," असं त्यांचं म्हणणं. त्यांना तेव्हा शर्टच नव्हते, म्हणून बारा ते पंधरा नंबर कागदावर निवृत्त करून ख्रिस्तोफरनं त्यांना प्रमाणपत्रं दिली. आता आणखी कोण उगवेल याचा नेम नव्हता. त्यानं मधले पाच नंबर राखून ठेवले आणि पुण्याहून एकवीस ते एकतीसचे नवे शर्ट मागवले. जुने अकरा शर्ट धुऊन, इस्त्री करून मानकऱ्यांच्या घरी पोचते केले.

"आता कुणाचं काही राहिलं नाही ना?" सुरजनं विचारलं.

"कुणाचंही नाही," ख्रिस्तोफर म्हणाला. "याला म्हणतात नियोजन."

फायनलच्या दिवशी मांडव बघण्यासारखा सजला होता. पहिल्या रांगेत अकरा खुर्च्या आणि अकरा पिवळे शर्ट. कुणी धोतरावर घातलेला, कुणाच्या पोटावर ताणून बसलेला. सिंधूबाईंनी एक नंबर लुगड्यावर चढवून वर पदर घेतला होता. आणि पहिल्या खुर्चीत, आठ वर्षांनी, नथानिएल मामा! ख्रिस्तोफरला हुंदका आला. तो त्यानं माइकमध्येच दिला, त्यामुळं पार नदीपलीकडं ऐकू गेला.

सत्कार आटोपला, टाळ्या झाल्या, नवे शर्ट घालून पोरं मैदानात उतरली. रेफरीनं एकवार त्यांच्या पाठीकडं पाहिलं आणि शिट्टी खिशात ठेवली.

"हे नंबर चालणार नाहीत. एक ते पंधरा, त्यापुढं नाही. स्पर्धेचा नियम आहे."

"कुठं लिहिलंय?" ख्रिस्तोफरनं विचारलं.

रेफरीनं कागद पुढं केला. नियम सातवा. खाली स्पर्धा भरवणाऱ्या क्लबचा सेक्रेटरी म्हणून ख्रिस्तोफरचीच सही होती, आणि ती अतिशय सुवाच्य होती.

"दहा मिनिटं देतो," रेफरी म्हणाला. "नाहीतर दौंडला न खेळता चषक."

अकरा शर्ट पाहिजेत. अकरा शर्ट समोरच मांडवात बसलेले. पण अर्ध्या तासापूर्वी माइकवरून 'कायमचे' म्हणून दिलेला मान परत कुठल्या तोंडानं मागायचा? आणि मागितला तर मामा पुढची आठ वर्षं घराबाहेर पडतील का? ख्रिस्तोफर मांडवापुढं जाऊन उभा राहिला. एरवी तासभर बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून "त्याचं असं झालंय" एवढंच निघालं. बाकीचं सुरजनं सांगितलं.

मग नथानिएल मामा सावकाश उठले. त्यांनी नऊ नंबरचा शर्ट डोक्यावरून काढला, नीट घडी घातली आणि पुढं धरला.

"घे," ते म्हणाले. "नंबर खुर्चीत बसवून काय करायचाय? सुरजला घालू दे."

ख्रिस्तोफरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं शर्ट झडप घालून घेतला, "सुरज, पळ!" म्हणाला आणि मामांचे पाय धरून पुढच्या खुर्चीकडं वळला. मामांनी काढल्यावर बाकीच्यांची काय बिशाद! सिंधूबाईंनी शर्ट काढून गोलकीपरच्या हातात दिला, वर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. भराभर दहा शर्ट जमले.

अकरावे तात्याबा. ते हाताची घडी घालून बसून राहिले.

"आबा, शर्ट."

"शर्ट माझा, नंबर माझा. कुनाला घालता येनार न्हाई आसं तूच म्हनलास."

"मग तीन नंबर कोण घालणार?"

"मी हाय की."

त्यांनी धोतराचा काचा मारला आणि चालत मैदानात गेले. ख्रिस्तोफर रेफरीकडं धावला. रेफरीनं कागद उलटून पालटून पाहिला. वय कमीत कमी चौदा, असं लिहिलेलं होतं. जास्तीत जास्त किती, याचा विचार कुणीच केलेला नव्हता.

त्र्याहत्तर वर्षांचे तात्याबा लेफ्ट बॅकला उभे राहिले आणि जागचे हलले नाहीत. दौंडच्या टीमनं ओळखलं, वाट इकडूनच आहे. दहाव्या मिनिटाला त्यांचा सगळ्यात चपळ गडी बॉल घेऊन त्याच बाजूनं सुसाट निघाला. शिरूरच्या लोकांनी डोळे मिटले. गडी तात्याबांच्या पुढ्यात आला आणि एकदम थबकला.

"आबा, तुम्ही?"

तो खुटबावचा, तात्याबांच्या सख्ख्या भाचीचा मुलगा निघाला. घरातलं थोरलं माणूस समोर आल्यावर काय करायचं, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. तो वाकला आणि पाया पडला.

"आवक्षवंत हो," तात्याबांनी उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि डाव्या पायानं बॉल सुरजकडं धाडला. "आई बरी हाय का?"

"बरी आहे आबा," तो म्हणेस्तोवर पलीकडं गोल झाला होता.

दौंडच्या लोकांनी एकच गिल्ला केला. पण पाया पडलेल्या माणसाला आशीर्वाद देऊ नये, असा नियम कागदावर सापडेना. दौंडनं त्या मुलाला दुसऱ्या बाजूला धाडलं. त्याच्या जागी आलेला मुलगाही, पाया पडला नाही तरी, म्हाताऱ्या माणसाला धक्का लागेल म्हणून लांबूनच वळसा घालून जायला लागला. सामना शिरूरनं एक शून्यनं जिंकला. तात्याबांची खांद्यावरून मिरवणूक निघाली. क्लबच्या ग्रुपवर दोनशे फोटो पडले, त्यातल्या एकशे नव्वदांत तात्याबा होते.

सोमवारी ख्रिस्तोफर पेढे घेऊन मामांकडं गेला. दयाबाईंनी दार उघडलं आणि आतल्या कॉटकडं बोट दाखवलं. मामा भिंतीकडं तोंड करून झोपले होते.

"कालपासून बोलत न्हाईत," त्या म्हणाल्या.

"मामा, अहो, तुमच्यामुळं जिंकलो आपण. तुम्ही स्वतःहून शर्ट काढून दिलात."

"दिला," मामा भिंतीला म्हणाले.

"मग?"

"एकदा तरी 'ऱ्हाऊ द्या मामा' म्हनायचं व्हतंस. मी दुसऱ्यांदा घे म्हनलो असतो. तू म्हनायचं, न्हाई मामा, ह्यो नंबर तुमालाच शोभतो, तुमीच उतरा. तू तर हातातनं हिसकावलास."

ख्रिस्तोफरनं मदतीसाठी दयाबाईंकडं पाहिलं.

"खेळायचे बूट घालून आलते हे," त्या हळूच म्हणाल्या. "तीन दिस तेल चोळत व्हते त्यांना."

ख्रिस्तोफर पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या कामातली खोट जवळून दिसली आणि ती बरीच मोठी होती. तो जायला वळला.

"ऐक," भिंतीकडून आवाज आला. "सराव किती वाजता असतो?"

"रोज सकाळी साडेसहाला."

"मंग सुरजला सांग, उद्यापास्नं नऊचा शर्ट धुऊन आनत जा म्हनावं. मला घामाचा चालत न्हाई."