पहिल्या दगडाचा मान

बसा बाळांनो, मांडी घालून बसा. मोबाईल पालथे ठेवा.

एका जंगलात एक साळू राहत होती. अंगभर काटे आणि बीळ खणण्यात पटाईत. एकदा दरड कोसळली आणि तिचं बीळ बुजून गेलं. पोटात पिल्लं, बाळंतपण दोनेक महिन्यांवर. साळूने रडारड केली नाही. पलीकडच्या उतारावर, करवंदीच्या जाळीमागे तिने नवं बीळ खणायला घेतलं.

तेवढ्यात झाडावरून हुप्पाजी उतरले. हुप्पाजी म्हणजे वानरांचे म्होरके आणि 'निवारा सेवा मंडळा'चे अध्यक्ष. स्वतःला आयुष्यात कधी घर नाही, फांदीवर बसून झोपायचं. पण दुसऱ्याला घर बांधून द्यायची भारी हौस.

"अहो साळूताई, या अवस्थेत तुम्ही खणताय? आम्ही काय मेलो?"

"मला येतं हो काका. पटकन होईल."

"तसं नाही चालत. तुम्ही गरजू आहात. गरजूच खणायला लागले तर सेवा कोणाची करायची? दगडी घर देतो तुम्हाला, छपरासकट. तुम्ही फक्त नखं आवरा."

साळूचं पोट जड झालं होतं. मंडळीही भली दिसत होती. तिने खणणं थांबवलं. इथेच तिचं चुकलं, पण गोष्टीत आपण मध्ये बोलायचं नसतं.

रविवारी त्याच उतारावर चितळांची तुकडी आली. सगळ्यांच्या गळ्यात सारखे पिवळे रुमाल. त्यांनी हार घालून पहिला दगड ठेवला, फोटो काढले, गुडघ्याएवढी भिंत रचली, पोहे खाल्ले आणि गेले. साळू हरखून गेली.

पुढच्या रविवारी हत्ती आले. भिंत पाहताच त्यांच्या थोरल्या हत्तीणबाईंचं, गजराबाईंचं, तोंड उतरलं.

"हे काय, सुरुवात झालीसुद्धा? आम्ही पहिला दगड ठेवायला आलोय. घरी तसं सांगून आलोय."

हुप्पाजींनी जीभ चावली आणि वानरांना खूण केली. वानरांनी बघता बघता भिंत पाडली, जागा झाडून दिली. हत्तींनी पहिला दगड ठेवला.

मग ही रीतच पडली. शनिवारी वानरांनी भिंत पाडायची, रविवारी नव्या तुकडीने पहिला दगड ठेवायचा. मोर आले, रानडुकरं आली. बगळ्यांनी तर दगडाला नुसती चोच लावली आणि भाषणं केली. साळूने दर वेळी शेजारी उभं राहायचं.

"जरा गरजू दिसा ना ताई," हुप्पाजी म्हणायचे.

"काका, छप्पर कधी?"

"छप्पर कुणी मागतच नाही हो. वर चढावं लागतं, आणि फोटोत नुसती पाठ येते."

आता मात्र साळू वैतागली. उघड्यावर पिल्लं झाली असती तर कोल्ह्याने एकही ठेवलं नसतं. ती गुपचूप करवंदीमागे गेली, राहिलेलं बीळ खणलं आणि तिथेच बाळंत झाली. पिल्लं अशी गोजिरवाणी की बघत राहावं. रविवारी काही ती गेली नाही.

नेमके त्या रविवारी हत्ती परत आलेले. मागच्या खेपेला समाधान फार झालं होतं ना.

पिल्लांना पाजता पाजता साळूला वरचं बोलणं ऐकू आलं.

"गरजू कुठाय?" गजराबाई विचारत होत्या.

"सापडत नाही. तिने स्वतःच कुठेतरी घर केलं असावं," हुप्पाजी दुखावल्या आवाजात म्हणाले. "लोकांना कदरच नाही."

"मग दुसरं कुणी बघा. आम्ही एवढे सगळे आलोय."

"सध्या सगळ्यांनाच घरं आहेत हो. मोठी पंचाईत आहे."

गजराबाईंनी जरा विचार केला. "या उतारावर बिळं पुष्कळ दिसतायत. आम्ही सगळे मिळून एक फेरी मारून येतो. मग निघेल की कुणी ना कुणी गरजू."

हत्तींच्या पावलांनी पिल्लांच्या अंगावर छताची माती भुरभुरली. साळूने पिल्लांना आत सारलं, बाहेर येऊन बिळाच्या तोंडावर पाला ओढला आणि हत्तींसमोर धावत गेली.

"आले हो, उशीर झाला. मला अजून घर नाही. तुम्ही ठेवा पहिला दगड." ती खरंच रडत होती.

"फोटो छान येईल," गजराबाई म्हणाल्या.

पिल्लं आता मोठी झालीत. त्यांची बिळंही त्याच उतारावर आहेत. म्हणून साळू अजून दर रविवारी वेळेवर जाते.

तात्पर्य: घर खुशाल आपलं आपण बांधावं, पण बेघर दिसायला विसरू नये. लोक इतक्या लांबून सेवा करायला येतात. त्यांना तसंच परत पाठवणं चांगल्या घरच्यांना शोभत नाही.