निमकर सरांचं ओगराळं

निमकर सर कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात जायचे आणि माठाचं झाकण उचलून आत बघायचे. माणसांची विचारपूस नंतर. "पाणी कशानं काढता?" हा पहिला प्रश्न. कुणी "पेल्यानं" म्हणालं की सर क्षणभर डोळे मिटायचे. मग पिशवीतून लांब दांड्याचं ओगराळं निघायचं. "दांडा लांब, आजार लांब," असं म्हणून ते घरधनिणीच्या हातात द्यायचे. लग्न असो की मुंज, सरांचा आहेर तोच.

ते विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकवायचे आणि बोईसरला आमच्या समोरच्या इमारतीत एकटे राहायचे. विद्यार्थ्यांना घेऊन मासवणकडच्या पाड्यांवर जायचे. एकदा मीही त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. पहिल्याच घरातल्या बाईनं सरांना लांबून पाहिलं आणि लगबगीनं हंडा झाकला.

"सर आले का आमी आदी हंडा झाकतो, मंग बसा म्हनतो," ती मला म्हणाली. "पन खरं सांगू, औंदा पोरांना हगवन नाय लागली."

सरांनी हे ऐकलंच नाही. ते शेजारच्या माठात वाकले होते.

सोसायटीत त्यांना सगळे 'माठसाहेब' म्हणत. नाव मी ठेवलं होतं.

माझ्या मुलीच्या बारशाला कारखान्यातले साहेब आले होते. त्यांच्यादेखत सर पाण्याच्या पिंपात वाकले. मी म्हणालो, "सर, आज तरी लाज आणू नका." सरांनी झाकण नीट बसवलं, जेवले, मुलीच्या हातात ओगराळ्याऐवजी पाकीट ठेवलं आणि गेले. पुन्हा माझ्या घरी आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

दोन वर्षांनी सोसायटीत काविळीची साथ आली. माझी आई अंथरुणाला खिळली. सरांचे विद्यार्थी घरोघर फिरले. कोण कधी आजारी पडलं, कुणाला कुठल्या टाकीचं पाणी येतं, सगळं लिहून घेतलं आणि त्याचा नकाशा काढला. त्यावरून आमच्या टाकीलगतचा फुटका गटाराचा पाइप सापडला. तो बदलल्यावर साथ हळूहळू ओसरली.

या पाहणीसाठी माझ्याकडे जागृती नावाची विद्यार्थिनी पहिल्यांदा आली, तेव्हा सर जिन्यातच उभे राहिले.

"आत या ना, सर," मी म्हणालो.

"नको. इथं बरं वारं आहे."

आमच्या जिन्यात वारं कधीच नसतं.

आई बरी झाली. त्याच वर्षी सर निवृत्त झाले आणि गावी गेले. निघाले तेव्हा मी कामावर होतो.

परवा जागृती पालघरला भेटली. आता ती तिथंच आरोग्य खात्यात आहे. म्हणाली, "आजी कशा आहेत? तेव्हा रोज संध्याकाळी सर मला वर पाठवायचे. त्या किती जेवल्या, लघवीचा रंग कसा आहे, विचारून ये म्हणायचे. मी खाली येईपर्यंत स्कूटरवर बसून असायचे."

तिचे ते प्रश्न मला पाहणीचाच भाग वाटले होते.

सरांना मी गॅलरीतून रोज बघत होतो. टाकीवर लक्ष ठेवतात, असं वाटायचं. तिथून एकदाही 'वर या' अशी हाक मारली नाही.