उसना कार्बोरेटर

बैठकीच्या खोलीत ट्रॅक्टर असलेलं घर अमरावतीच्या राजापेठेत एकच आहे, कमलकाकू तायडे यांचं. इतरांचा सोफा असतो तिथे हा उभा. लाल रंग, चार चाकं, लोखंडी सीट आणि उंची एखाद्या गोऱ्ह्याएवढी. आलेल्या माणसाला प्लास्टिकची खुर्ची मिळते आणि काकू स्वतः ट्रॅक्टरच्या सीटवर बसून शेंगा सोलतात. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना माणूस आपोआप मान वर करून बोलतो. मला वाटतं, ट्रॅक्टर आत ठेवण्याचं निम्मं कारण हेच असावं.

"काकू, हा आत आणला कसा?" प्रत्येक जण विचारतो.

"दार काढून."

"आणि बाहेर कसा नेता?"

"तुमी डोकं घरी ठेवून आले का? दार काढून!"

असे चार ट्रॅक्टर त्यांच्याकडे आहेत. एक बैठकीत, एक व्हरांड्यात आणि दोन मागच्या पत्र्याखाली. संत्र्याच्या दोन ओळींमधून जातील एवढे अरुंद, दोरी ओढून सुरू होणारे हे बागेचे ट्रॅक्टर एके काळी वऱ्हाडातल्या बागाईतदारांनी हौसेनं घेतले होते. मग बनवणारी कंपनी बंद पडली, मोठे ट्रॅक्टर आले आणि ही धाकटी मंडळी गोठ्यामागे गंजत राहिली. काकू त्यांना हुडकून आणतात, खोलतात, रॉकेलमध्ये भिजवतात, तारेच्या ब्रशनं घासतात आणि चालू करतात. आणि वापरतातही. गल्लीमागच्या मोकळ्या प्लॉटवर, मालकाच्या परवानगीनं, त्या वांगी, मेथी आणि सांबार लावतात. (पुण्याच्या वाचकांनी सांबार म्हणजे कोथिंबीर समजावी.) नांगरट, वखरणी सगळं याच ट्रॅक्टरांवर, पाळीपाळीनं. "ज्या यंत्रानं माती पाह्यली नाई ते फर्निचर," असं त्यांचं मत. बैठकीतल्या ट्रॅक्टरच्या चाकांनाही म्हणूनच कायम माती असते. ती झाडायची नाही. मी एकदा झाडायला गेलो, तर हातावर चापट बसली.

रंगाचे त्यांचे नियम आहेत. पत्रा गंजला असेल तर घासून नवा रंग द्यायचा. पण हँडलवरचा रंग मूळ मालकाचा हात लागून लागून गेला असेल, तर ती जागा तशीच उघडी ठेवायची. "हा झिजलेला नाई, वापरलेला आहे. फरक समजते का?" ट्रॅक्टरांना नावं का नाहीत असं विचारलं तर म्हणतात, "नावं ठेवाले ते का पोट्टे आहेत?"

काकूंनी लग्न केलं नाही, तरी गल्लीनं त्यांना काकू केलं. नोकरी तीस वर्षं एकच, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात स्टोअरकीपर. लोखंडी जाळीमागे टेबल आणि जाळीत एक हात जाईल एवढी खिडकी. मेकॅनिक बाहेरून ओरडणार, काकू आतून भाग देणार. ट्रॅक्टर चालवून दाखवायला सेल्समन जायचे, उघडायला मिस्त्री. काकूंना प्रत्येक नटाचा नंबर पाठ, पण तो नट बसतो कुठे, हे बघायला तीस वर्षांत कुणी बोलावलं नाही. निवृत्तीच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी अकोल्याच्या भंगार बाजारातून पहिला ट्रॅक्टर आणला. शेजारच्यांनी विचारलं, तुम्हाला येतं का यातलं? काकू म्हणाल्या, "तीस वर्षं याचे तुकडे तुकडे विकले. आता जोडून पाहू म्हटलं."

रोज सकाळी सात वाजता त्या एका ट्रॅक्टरची दोरी ओढतात. फट्, फट्, मग फटफटफट. शेजारी भौतिकशास्त्राच्या एका सरांची शिकवणी चालते. एकदा ते कुंपणावरून ओरडले, "कमलताई, मी ध्वनीचा धडा शिकवून राहिलो!"

"मंग मी प्रॅक्टिकल करून राहिली!"

सुट्या भागासाठी त्या कुठेही जातात. दर्यापूरजवळ एका कुडाच्या झोपडीवरचा पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून कुणी फ्लायव्हील ठेवलंय, एवढं कळायचा अवकाश, की काकू निघाल्या. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाचं जड चाक, उचलायला दोन्ही हात लागतात. त्यांनी पत्र्यावर ठेवायला बदली दगड स्वतः शोधून दिला आणि चाक मिळवलं. परतीच्या जीपमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "बाई, याचंबी भाडं लागंन."

"लागू दे ना. पण मंग त्याले खिडकीपाशी बसव."

अमरावतीपर्यंत चाक खिडकीपाशी आणि काकू मधल्या सीटवर, कुणाच्या तरी कोंबडीशेजारी.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. त्या वर्षांत मी पत्रकं लिहीत असे. वर्षंच तशी होती. पेपरच्या आतल्या पानावर जवळजवळ रोज एक छोटी चौकट येई, त्यात जीव दिलेल्या शेतकऱ्याचं गाव, नाव आणि वय. मी चोविशीत होतो आणि माझ्या मते गप्प बसणारा प्रत्येक जण गुन्हेगार होता. गल्लीतला लाल ट्रॅक्टर पाहून माझं डोकं फिरलं. 'शिवारं ओस पडत असताना राजापेठेत यंत्रांची भातुकली!' असं एक पत्रक मी छापलं आणि काकूंच्या दाराखालून सरकवलं. त्यात 'साडेतीन हॉर्सपॉवरचा हा माज' असंही एक वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी पत्रक माझ्या दाराखालून परत आलं. लाल शाईत एकच दुरुस्ती होती. साडेतीन खोडून पाच केलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'बाकी तुझं मत.'

मी माफी मागायला गेलो तो शेंगा सोलायला बसलो. तेव्हापासून मला पाहिलं की त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "काय लेखक, आज कोणाले मुर्दाबाद?"

मग जून आला आणि मला काकूंचं दुसरं दुकान दिसलं. असे छोटे ट्रॅक्टर वऱ्हाडात अजून पंधरावीस तरी चालू असावेत, बहुतेक भाजीपाला करणाऱ्यांकडे. पेरणीच्या तोंडावर ते बंद पडत आणि भाग कुठेच मिळत नसे. मग कुणी तेल्हाऱ्याहून, कुणी दर्यापूरहून पिशवीत मोडका भाग घेऊन काकूंच्या दारात येई. आपल्या ट्रॅक्टरवर माशी बसू न देणारी ही बाई पाना घेई, स्वतःच्या चकचकीत इंजिनातून तोच भाग काढी आणि त्याच्या हातात ठेवी.

विकायचा नाही, फुकटही द्यायचा नाही. उसना. शेजारणीनं वाटीभर साखर न्यावी तसा.

अट एकच, भाग स्वतः परत आणून द्यायचा. "पोस्टानं नाई, जीपवाल्याच्या हाती नाई. तू सोता यायचं, चहा प्यायचा अन् मंग जायचं." आयुष्यभर वहीत नोंद केल्याशिवाय वॉशरही न देणाऱ्या काकू या उसन्याची मात्र कुठेच नोंद करत नसत. सगळं तोंडपाठ. पावसाळाभर त्यांचे चारही ट्रॅक्टर अर्धे पोकळ असत आणि दिवाळीपर्यंत एकेक माणूस येऊन ते भरत जाई.

मी भारावून गेलो. 'यंत्रांची सामुदायिक मालकी' या मथळ्याचं पत्रक लिहून मी काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच कागदावर ऑइलचा डबा ठेवला.

त्या वर्षी बैठकीतल्या ट्रॅक्टरचा कार्बोरेटर तेल्हाऱ्याच्या सुखदेवभाऊंनी नेला होता. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. वांगी आणि मिरची करायचा. दिवाळी झाली, तो आला नाही. बाकी सगळे भाग परत आले. डिसेंबर संपला. जानेवारीत अकोल्याच्या कृषी प्रदर्शनाचं पत्र आलं. जुन्या यंत्रांच्या रिंगणात काकूंनी आपला लाल ट्रॅक्टर स्वतः चालवून दाखवावा, अशी विनंती होती. जाळीमागे तीस वर्षं काढलेल्या बाईला पहिल्यांदा कुणी रिंगणात बोलावत होतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि ट्रॅक्टरच्या सीटखाली खोचून ठेवलं.

प्रदर्शनाला आठ दिवस उरले, तरी कार्बोरेटर नव्हता. मी लेथवाल्या रफिकभाईंना घेऊन आलो. रफिकभाईंनी मोकळी जागा टॉर्चनं पाहिली आणि म्हणाले, "आपा, एक मोटरसायकल का पडा है मेरे पास. थोडा घिसके दो दिन में बिठा देता. फर्स्ट क्लास चलेगा."

"नको."

"काहून नको?" माझा आवाज चढला. "तुमचा ट्रॅक्टर, तुमचं प्रदर्शन. तो माणूस सात महिने फिरकला नाही, त्याच्यासाठी अडून बसायचं?"

"दुसरा बसवला," काकू म्हणाल्या, "तर त्याले आणायचं कारण काय राहीन?"

रफिकभाईंनी टॉर्च बंद केला. मला काहीच कळलं नव्हतं. त्यांना कळलं असावं, कारण ते म्हणाले, "तो फिर जाके देखो, आपा. कल ही जाओ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. अकोल्याला बस बदलली. पुढच्या बसमध्ये मी त्यांना विचारलं, उसनं द्यायचं कसं सुचलं?

"पहिल्या साली मी तसंच देत होती," त्या म्हणाल्या. "एक जण आला होता दर्यापूरकडचा. व्हॉल्व्ह पाहिजे होता. चांगला माणूस, माह्या वांग्याले कोणतं खत घालू तेबी सांगून गेला. जाताना म्हणे, काकू, दिवाळीले आणून देतो. मी म्हटलं, राहू दे रे भाऊ. परत आणाची काई गरज नाई."

बाहेर तुरीची शेतं जात होती.

"दिवाळीच्या आधी पेपरात त्याचं नाव आलं."

माझ्या पिशवीत नवी पत्रकं होती, ती मी सीटखाली सरकवली.

"व्हॉल्व्हनं माणूस थांबते असं नाई म्हणत मी," त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "मी का येडी हाव? पण मी म्हटलं होतं ना, गरज नाई. ते नव्हतं म्हणायले पाहिजे."

मग उरलेल्या रस्त्यात मीही त्यांच्यासारखाच खिडकीबाहेर पाहत राहिलो. तेल्हारा येईपर्यंत मला प्रदर्शनाची आठवणही झाली नाही.

स्टँडवर एका चहावाल्याला सुखदेवभाऊंचं घर विचारलं. त्यानं आधी आमच्याकडे नीट पाहिलं. तेवढ्या वेळात काकूंनी माझं मनगट धरलं होतं. मग तो म्हणाला, "तो ना? शेतात असन. नाल्याच्या पल्याड."

सुखदेवभाऊ शेतात होते. मिरचीच्या बांधावर उकिडवे बसून बिडी ओढत होते. आम्हाला पाहून उठले आणि पहिल्यांदा त्यांनी काय केलं असेल, तर चक्क पाठ फिरवली. भरदुपारी, मोकळ्या रानात, लपायला एक झाड नाही आणि हा सहा फुटी माणूस आम्हाला पाठ दाखवून उभा!

"सुखदेव!" काकू ओरडल्या. "मले तुही पाठ पाहाले आणलं का इतक्या दूर?"

"काकू, फुटला तो." ते वळले नाहीत. "ऑगस्टमंदीच फुटला. माह्या हातून दगडावर पडला. तसा दुसरा भेटत नाई. अकोला पाह्यलं, खामगाव पाह्यलं. कोणत्या तोंडानं येऊ?"

"म्हणून आला नाई?"

"म्हणूनच."

"निसतं म्हणूनच?"

"हो ना काकू. अजून काय राहीन?"

काकू मटकन बांधावर बसल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली. इतक्या सलग, इतक्या मोकळ्या आणि इतक्या आनंदानं दिलेल्या शिव्या मी त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या. गाढवा, लोखंड फुटते, जोडता येते, त्यासाठी पाच महिने तोंड लपवते का माणूस? सुखदेवभाऊ खाली मान घालून ऐकत होते. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. शेवटी त्यांनी शेताच्या टोकाच्या झोपडीतून फडक्यात बांधलेला कार्बोरेटर आणला. दोन तुकडे होते, पण स्वच्छ पुसलेले. ते दर आठवड्याला पुसत होते म्हणे.

काकूंनी तुकडे जुळवून पाहिले आणि माझ्याकडे दिले. "रफिकभाई जोडंन. प्रदर्शनापर्यंत झाला तर रिंगणात चालवत नेऊ, नाई झाला तर तू ढकल."

मग त्यांनी पिशवीतून आपला पाना काढला. दुकानातल्या पहिल्या पगारातून घेतलेला, कुणाला हातही न लावू दिलेला पाना. तो त्यांनी सुखदेवभाऊंच्या हातात ठेवला.

"हा घे. उसना."

"कशाले काकू? माह्याकडं हाये पाना."

"असू दे. माहा घेऊन ठेव. होळीच्या आत आणून दे, मले लागते तो."

"लागते तर देता काहून?"

"तू मले शिकवतं का? होळीच्या आत. अन् चहा पिऊन जायचं."

सुखदेवभाऊंनी पाना खिशात ठेवला आणि आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत वांगी घ्या, मिरची घ्या, असा आग्रह चालला होता. सात महिन्यांचं राहिलेलं सगळं ते एकदम बोलत होते. काकू पुढे चालत होत्या. त्या मागे वळून पाहत नव्हत्या, पण प्रत्येक शब्दाला हुंकार देत होत्या.

जीप सुटली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. सुखदेवभाऊ फाट्यावर उभे होते. एक हात आमच्याकडे हलत होता. दुसरा हात खिशावर होता. आत काही आहे ना, हे चाचपून पाहतात तसा.