शौकतभाईंचा बास

शौकतभाई दुसऱ्याच्या गाडीत बसायच्या आधी चपला बाहेर काढून ठेवायचे. गाडी नवी कोरी असो नाहीतर शेणखत वाहून वास मारणारी असो, चपला दाराशी जोडीनं ठेवायच्या, आत बसून दोन्ही तळपाय खालच्या पत्र्यावर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, लाव आता." नवीन माणसाला वाटायचं, गृहस्थ फारच धार्मिक दिसतात. शिवऱ्याच्या एका ड्रायव्हरनं एकदा विचारलंच. भाई डोळे न उघडता म्हणाले, "खालचा आवाज पायानं ऐकायचा असतो. कानाचं काय, ते लगेच खूश होत्यात."

हायवे सोडून रस्ता नसरापूर-वेल्ह्याकडं वळतो, त्या चेलाडी फाट्यावर माझं शिलाईचं दुकान होतं. कामथडीहून सकाळी यायचं, ब्लाउज-परकर शिवायचे, पिको-फॉल करायचा आणि संध्याकाळी परत जायचं. शेजारचं दुकान शौकतभाईंचं. ते भोरचे. रोज त्यांच्या जुन्या मारुती व्हॅननं यायचे. गाड्यांमध्ये टेप आणि स्पीकर बसवायचे, आणि मुख्य म्हणजे आवाज जुळवून द्यायचे. कॅसेटी जाऊन सीडी यायला लागल्या होत्या, ते दिवस. सीटवर माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपवाल्यांना, टेम्पोवाल्यांना, लग्नाला गाडी लावणाऱ्यांना, सगळ्यांना दणका पाहिजे असायचा, आणि दणका म्हटलं की माणसं शौकतभाईंकडं यायची.

आमच्या दोघांच्या मधली भिंत पत्र्याची. भाईंचं काम सुरू झालं की माझ्या डबीतल्या टाचण्या नाचायच्या. बॉबिन सरकत सरकत टेबलाच्या कडेला यायची आणि खाली उडी मारायची. दुकान टाकलं त्याच आठवड्यात मला ते सहन होईना. मी पत्र्यावर कात्री आपटून ओरडले, "शौकतभाई, बास."

आवाज वाढला.

"अहो, बास, बास."

आणखी वाढला. एक टाचणी तर डबीतून बाहेरच पडली. मी तावातावानं पलीकडं गेले, तर भाई घामाघूम होऊन एका जीपच्या पुढ्यात वाकलेले, आणि चेहरा एकदम समाधानी. म्हणाले, "वैनी, तुमाला बी बास आवडतो व्हय? बायामाणसांना शक्यतो सनई लागती."

त्यांच्या धंद्यात बास म्हणजे स्पीकरचा खालचा, घुमणारा आवाज. तेव्हापासून मी 'पुरे' म्हणायला शिकले.

पण त्यांना नुसता दणका आवडत नव्हता, हे मला हळूहळू कळलं. गिऱ्हाईक आलं की ते आधी विचारायचे, "गाडी कुठल्या रोडला चालती?" वेल्ह्याच्या रस्त्याला चालते म्हटलं की मान हलवायचे. मग स्पीकरला हात न लावता टेप मोठ्यानं लावून गाडीभोवती फेऱ्या मारायचे. कुठं काय खडखडतंय ते शोधायचं. दारं, नंबरप्लेट, टपावरचं कॅरिअर, सगळ्यांवर थापा मारायच्या आणि जिथं खडखड सापडेल तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवायचा. डॅशबोर्डवरच्या गणपतीखालीसुद्धा त्यांनी ट्यूबचा गोल तुकडा लावला होता. मालक जरा कुरकुरला, तर म्हणाले, "देव बी नीट बसला पायजे ना. किती हलवायचा त्याला?"

स्पीकरच्या लाकडी खोक्यात ते कापूस भरायचे, तोही पिंजलेला. त्यांचे वडील पिंजारी होते. भोरात दारोदार जाऊन धनुकलीच्या तारेनं गाद्यांचा कापूस पिंजायचे. "अब्बांच्या धनुकलीचा आवाज," भाई सांगायचे, "असा पोटात जायचा. ढंग, ढंग. मी लहान हुतो, पाठीला पाठ लावून बसायचो. आता इतकी मशिनं बघितली वैनी, पण तसा बास न्हाई काढता आला." एवढं बोलून ते कापसाची गुठळी सोडवत बसायचे. एकही गुठळी खोक्यात जाता कामा नये, हा त्यांचा नियम. खोकं बंद झाल्यावर आत कोण बघणार आहे, असं मी एकदा म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "तुमी ब्लाउजच्या आतली शिवण कशाला नीट मारता?"

त्यांच्याकडं एक ठरलेली कॅसेट होती. एका बाजूला ढोलकी, दुसऱ्या बाजूला टाळ-चिपळ्यांवरचं भजन. ढोलकीवर बास जुळवायचा आणि टाळांवर वरचा आवाज. टाळ किणकिणले पाहिजेत, पण टोचता कामा नयेत. "पोट भरायला ढोलकी, आणि चव यायला टाळ," असं म्हणत ते बटणं केसाएवढी फिरवायचे, परत मागं आणायचे, परत फिरवायचे. गिऱ्हाईक समोर चहा पिऊन, वडापाव खाऊन, एक झोप काढून यायचं, तरी भाई अजून टाळांवरच.

ह्या सगळ्यात एकदा हौसाबाईंचं प्रकरण झालं. हौसाबाई राजगडाखालच्या पालीच्या. तानाजी नावाचा त्यांच्याच गावचा ड्रायव्हर चेलाडी ते पाली वडाप करायचा, आणि भाईंनी नुकताच त्याच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली मोठा वूफर, म्हणजे बासच्या स्पीकरचं खोकं, बसवला होता. हौसाबाई लेकीकडं दही घेऊन निघाल्या होत्या. जीपमधून उतरल्या त्या थेट भाईंच्या दुकानात, आणि डबा टेबलावर आपटला.

"ह्ये बगा. पालीतनं निगाले तवा दही हुतं."

भाईंनी झाकण काढलं. वाकून बघितलं. बोटानं चाखलं. "लोणी चांगलं आलंय की मावशी."

"मी काय लोणी घिऊन निगाले हुते का?"

भाईंना त्यात भांडण दिसलंच नाही. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "बसला कुठं हुता तुमी?"

"मागं. डबा सीटखाली."

"मग बरोबर हाय. तिथंच समदा जोर येतोय. तानाजी, गाडी घे आत." आणि दुपारभर खपून त्यांनी खोकं हलवून दुसऱ्या कोपऱ्यात बसवलं. हौसाबाई तोवर माझ्या दुकानात पाय पसरून बसल्या होत्या. पुढं त्या ताक घुसळायचा कंटाळा आला की खोक्याशेजारच्याच जागेसाठी भांडतात, असं तानाजी सगळ्यांना सांगायचा. मला ते काही खरं वाटत नाही. पण भाईंचा विश्वास बसला होता, आणि त्यांना त्याचा अभिमानही होता.

घरी भाई आणि त्यांची मुलगी शाहीन, दोघंच. बायको शाहीन लहान असतानाच गेली. शाळेला सुट्टी असली की ती बापाबरोबर फाट्यावर यायची आणि माझ्याकडं काजं-बटणं करत बसायची. अतिशय हळू बोलायची. मशीन थांबवल्याशिवाय तिचं बोलणं मला ऐकू यायचं नाही. भाईंना मात्र पलीकडून, दणका चालू असतानासुद्धा, तिची हाक बरोबर ऐकू जायची. तिचं लग्न झालं आणि ती मिरजेला गेली. लग्नात वाजत गाजत काहीतरी भारी असेल असं आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं, पण भाईंनी साधा एक कर्णासुद्धा लावला नाही. म्हणाले, "आज बाकीचे बोलतील ते ऐकायचंय."

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत गिऱ्हाइकं तक्रार घेऊन परत यायला लागली.

पहिला तानाजीच आला. "भाई, आवाज कानात सुईवानी टोचतोय. पॅसेंजर बंद करायला लावत्यात." भाईंनी गाडी आत घेतली, टाळांची बाजू लावली, बटणं फिरवली आणि म्हणाले, "बेस झालंय." तानाजीनं ऐकलं, तोंड वाकडं केलं, आणि गेला. मग दुसरा आला, मग तिसरा. भाई म्हणायचे कॅसेट घासली. नवी कॅसेट आणली. मग म्हणायचे बारीक स्पीकर खराब लागतायत. तेही बदलले. मी पत्र्याच्या अलीकडून ऐकत होते. ढोलकी पूर्वीसारखीच गोड, पण टाळ सुरू झाले की माझे दात आंबायचे. मोबाईल त्यांच्या खिशात वाजत राहायचा आणि मीच ओरडून सांगायचे, "भाई, फोन."

एका दुपारी तानाजी पुन्हा आला आणि दोघांचं वाजलं. भाईंना मी कधी रागावलेलं बघितलं नव्हतं. "तुला आवाजातलं काय कळतंय?" असं ते बोलून गेले. तानाजी जीप तिथंच सोडून चहा प्यायला गेला. मी पलीकडं गेले तेव्हा भाई पुढच्या सीटवर बसून एकटेच बटण फिरवत होते, आणि टाळ नुसते किंचाळत होते.

मला माप घ्यायचं निमित्त होतं. मी त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी सीटकव्हरं शिवायचे. मापाचा स्प्रिंगचा टेप काढून मी मागं बसले आणि म्हटलं, "भाई, टाळ जरा मोठे न्हाईत का?"

त्यांनी मागं वळून बघितलं नाही. तसंच विचारलं, "येत्यात का ऐकू?"

"येत्यात की."

"चांगले येत्यात?"

"लई येत्यात."

त्यांचा हात बटणावर तसाच राहिला. मग त्यांनी ते हळूहळू मागं फिरवायला सुरुवात केली. आरशातून माझ्याकडं बघत फिरवत राहिले. आवाज गोड झाला तिथं मी मान हलवली. ते थांबले. तानाजी परत आला, ऐकलं आणि म्हणाला, "आत्ता कसं." भाई म्हणाले, "वायर सैल हुती."

ह्या विषयावर आम्ही पुढं कधीच बोललो नाही. एवढंच झालं की गाडीचं काम संपत आलं की पलीकडून हाक यायची, "वैनी, जरा कव्हरचं माप घ्यायला या." ज्यांना कव्हर नको होतं त्यांच्याही गाडीचं मी माप घेतलं. एका दुधाच्या टँकरचंसुद्धा घेतलं. मी मागं बसायचे, टेप सीटवर धरायचे, आणि आवाज नेमका जमला की टेप सोडून द्यायचे. टेप चट्कन गुंडाळला जायचा, भाई हात काढून घ्यायचे. गिऱ्हाइकं पुन्हा खूश. भाईंचं नाव पुन्हा वेल्ह्यापर्यंत. माझ्याकडं सीटकव्हरांची कामंही वाढली. दिवस चांगले चालले होते.

शुक्रवारी नमाजाला भाई नसरापूरला जायचे आणि दुपारचं दुकान उघडायचे नाहीत. असल्याच एका शुक्रवारी मी शिवलेली कव्हरं द्यायला म्हणून मागच्या बाजूला गेले, कारण त्यांची व्हॅन करंजाच्या झाडाखाली उभी दिसली. ऊन चांगलंच होतं, तरी सगळ्या काचा वर. आत भाई. गाणं नव्हतं. जवळ गेल्यावर काचेतून एका बाईचा आवाज यायला लागला, इतका मोठा आणि टोकदार की मी दचकले.

ती सांगत होती, की आज मेथी केली होती, पोरानं ताटातून खाली ढकलली, सासूबाई हसल्या, आणि आता तो गुडघ्यावर उभा राहायला बघतोय.

भाईंनी मोबाईलची कानात घालायची वायर कापून गाडीतल्या टेप-डेकला जोडली होती. बोलायचा छोटा माईक शर्टाच्या कॉलरला चिमट्यानं लावलेला. मागचं मोठं खोकं बंद होतं, त्याच्या वायरी सोडवून बाजूला ठेवल्या होत्या. दोन्ही बारीक स्पीकर दारातून काढून सीटला डोक्याच्या दोन्ही बाजूंना बांधले होते. भाई मध्ये बसून "हां... हां... मग?" करत होते.

मला बघून ते ओशाळले. काच खाली घेतली, कॉलरचा माईक मुठीत दाबला आणि म्हणाले, "फोनात तिचं बोलणं कळंना झालं हुतं. नुसती गुणगुण यायची. तिला मोठ्यानं बोल म्हटलं तर विचारती, अब्बा, काय झालं. मग तिला काय सांगायचं?"

आतून शाहीन मेथीचं सांगतच होती.

"समदा खालचा आवाज काढून टाकला," ते म्हणाले. "वरचा वाढवत वाढवत आणला. आता शब्द न् शब्द कळतोय. पण वैनी, एक सांगा." त्यांनी शेजारचं दार उघडलं. "जरा बसा आत. वाढवताना तिचा आवाज बदलला तर न्हाई ना? तुमी ऐकलाय तिला. अशीच बोलती ना ती?"

मी कव्हरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले. आवाज कानात घुसत होता. माझ्या शेजारी बसून काजं करणारी, मशीन थांबवल्याशिवाय ऐकू न येणारी शाहीन त्यात मला कुठं सापडेना. भाई माझ्या तोंडाकडं बघत होते. बोटं बटणावर तयार होती. मी थोडं कमी म्हटलं असतं तर त्यांनी लगेच कमी केलं असतं.

"अशीच बोलती," मी म्हटलं. "हात लावू नका त्याला."

त्यांनी बोटं काढून घेतली आणि मूठ उघडली.

"अब्बा? आहात ना?"

"हाय की. शिलाईवाल्या काकू आल्यात. त्या म्हणत्यात, बरोबर हाय."

"काय बरोबर आहे?"

"काय न्हाई," शौकतभाई म्हणाले आणि काच वर घेतली. "तू बोल."