मेहरूणचा अज्ञात बेडूक

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी प्रशील निकमला एक बेडूक सापडला. म्हणजे बेडूक नाही, त्याचा आवाज.

प्रशील जळगावच्या एका विद्यापीठात बेडकांच्या आवाजावर संशोधन करत होता. पाणवठ्याजवळच्या झाडाला आवाज टिपणारी एक हिरवी डबी बांधायची, ती पहाटे आपोआप सुरू होते, आठवड्याने तिच्यातलं कार्ड काढून संगणकाला द्यायचं. कोणता आवाज कोणत्या बेडकाचा, हे संगणक सांगतो. पहिल्याच वर्षी त्याची एक डबी चोरीला गेली आणि दुसरी कोणीतरी बॉम्ब समजून पोलिसांत जमा केली. तेव्हापासून त्याने जागा विचारपूर्वक निवडल्या. एक डबी घराजवळ मेहरूण तलावाच्या काठी, दुसरी धरणगावला काकांच्या घरामागच्या तळ्यावर आणि तिसरी शिरपूरला, बहीण दीपमालाताईच्या कॉलनीलगतच्या नाल्यावर. डब्यांकडे बघायला घरचं माणूस असावं, एवढाच त्यात हेतू होता.

तीन वर्षं या डब्यांनी जे बेडूक दिले ते सगळ्या महाराष्ट्रात सापडतात. शिष्यवृत्ती डिसेंबरात संपणार होती आणि त्याच्या मार्गदर्शक सविता बोरसे मॅडम हल्ली त्याच्याशी बोलताना खिडकीबाहेर बघत. अशात ऑगस्टच्या मध्यावर मेहरूणच्या कार्डात तो आवाज आला. रोज पहाटे पाच चाळीसला, अकरा सेकंद. आधी लांबलचक खरखर, मग तीन ठोके आणि शेवटी वर चढत जाणारी बारीक शीळ. संगणकाने तो जगातल्या सगळ्या नोंदलेल्या बेडकांशी ताडून पाहिला आणि कळवलं, की असा बेडूक कुठेच नाही.

सविता मॅडमनी त्या दिवशी पहिल्यांदा प्रशीलला बसायला खुर्ची दिली.

आवाज स्वच्छ करायला तो भौतिकशास्त्राच्या खैरनार सरांकडे गेला. सरांनी त्यातून वाहनं, कुत्री आणि वारा काढून टाकला. आवाज आठपट लांबवून त्याचा आलेख काढला आणि सांगितलं, की एवढ्याशा प्राण्याच्या छातीतून असा आवाज निघायचा तर त्याला निदान दोन स्वरपिशव्या हव्यात. मॅडम म्हणाल्या की दोन पिशव्या असतील. दुसऱ्या आठवड्यात हाच आवाज धरणगावच्या कार्डातही निघाला, फक्त दोन पहाटे. प्रजातीचा पसारा तीस किलोमीटरपर्यंत गेला. मॅडमनी नकाशावर लाल वर्तुळ काढलं.

त्या दोन दिवसांत प्रशीलचे वडील मोतीलाल नाना पुतणीच्या साखरपुड्याला धरणगावला गेले होते, हे खरं आहे. पण साखरपुडा आणि बेडूक यांचा संबंध जोडण्याचं काम कोणत्याच विभागाकडे नव्हतं.

नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. रोज पहाटे ते तलावाला फेरी मारत आणि काठच्या बाभळीखाली उभे राहून मनसोक्त घसा खाकरत. हे काम ते ऑगस्टपर्यंत घरीच मोरीत करायचे. पण वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं तान्हं बाळ त्या आवाजाने दचकून उठायला लागलं, तेव्हा कलाबाईंनी नवऱ्याला घरात खाकरायला बंदी केली. प्रशील आठला उठणारा. त्यामुळे वडील पहाटे कुठे जातात आणि काय करतात, याचा त्याला पत्ता नव्हता. त्याने डबी त्याच बाभळीला बांधली होती, कारण तिथे गर्द सावली होती. नानाही त्याच कारणासाठी तिथे थांबत.

आता बेडूक प्रत्यक्ष पकडणं भाग होतं. मॅडम, खैरनार सर आणि सहा विद्यार्थी चार दिवस पहाटे पाचला बाभळीजवळ चिखलात बसले. नानांना मुलाच्या कामाचं भारी कौतुक. त्यांनी सगळ्यांसाठी थर्मासमधून चहा नेला. प्रशीलने त्यांना सांगितलं, की बेडूक फार लाजाळू आहे, इथे काही आवाज करायचा नाही. नानांनी मान डोलावली. चारही दिवस ते पाच चाळीसला तोंडावर उपरणं धरून, डोळ्यांत पाणी आणून गप्प उभे राहिले. बेडूक बोलला नाही.

चार दिवसांचा कोंडलेला घसा घेऊन नाना पाचव्या दिवशी मुलीकडे शिरपूरला गेले. तिथला नाला त्यांना पसंत पडला.

शिरपूरच्या कार्डात आवाज निघाला तेव्हा सविता मॅडम उठून उभ्या राहिल्या. मेहरूणला गप्प झालेला प्राणी दुसऱ्या दिवशी शंभरेक किलोमीटरवर ओरडत होता, तोही दुप्पट जोराने. एक बेडूक एवढा प्रवास करणं शक्य नाही, असं खैरनार सरांनी वेगाचं गणित मांडून दाखवलं. म्हणजे बेडूक अनेक आहेत, आणि माणसाची चाहूल लागली की एका ठिकाणचे गप्प बसून दुसरीकडच्यांना ओरडू देतात. हे तर कुठल्याच बेडकात दिसलेलं नव्हतं. विद्यापीठाचं संशोधन संमेलन पंधरा दिवसांवर आलं होतं. वैद्यक, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र एकाच व्यासपीठावर येणार होतं. मॅडमनी उद्‌घाटनाचं सत्र बेडकाला दिलं. फलक छापून आले. त्यावर बेडकाचं चित्र नव्हतं, तिथे मोठं प्रश्नचिन्ह होतं.

संमेलनाच्या आदल्या दुपारी प्रशील घरी बसून तो आवाज शेवटचा ऐकत होता. संमेलनात लोकांना कळावं म्हणून त्याने पहिल्यांदाच तो न लांबवता, मूळ वेगाने लावला होता. कलाबाई चहा घेऊन आल्या आणि कप हातात तसाच धरून थांबल्या.

"हाऊ आवाज तुनाकडे कथाईन उना?" त्यांनी विचारलं, की हा आवाज तुझ्याकडे कुठून आला.

"हाच तो बेडूक, आई."

"बेडूक?" कलाबाईंनी कप खाली ठेवला. "हाऊ ते तुना बाप शे. चाळीस वरीसफाईन आयकी ऱ्हायनू मी." चाळीस वर्षं रोज ऐकलेला नवऱ्याचा घसा त्यांनी लगेच ओळखला होता.

प्रशीलने आवाज पुन्हा लावला. मग आणखी एकदा. मग तो चहा न पिता विद्यापीठात गेला. सविता मॅडम पाहुण्यांना आणायला स्टेशनवर होत्या. तिथून त्यांना शोधत तो हॉटेलात गेला, तर त्या पाहुण्यांबरोबर जेवायला बसल्या होत्या. त्याने बाजूला बोलावलं, तेव्हा त्यांनी ओळखलं की पोरगा घाबरला आहे. व्यासपीठाची भीती सगळ्यांना वाटते, असं सांगून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याने धीर करून म्हटलं, "मॅडम, तो आवाज आमच्या घरातला वाटतोय." मॅडम आनंदाने म्हणाल्या, की संशोधकाला असंच वाटलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. नाना इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. आदल्या दिवशी काय कळलं ते त्यांना सांगायची कलाबाईंची छाती झाली नव्हती. सभागृहात वातानुकूलन जोरात होतं आणि ते थेट नानांच्या मानेवर येत होतं.

मॅडमनी प्रजातीचा परिचय दिला आणि प्रशीलला आवाज ऐकवायला सांगितला. त्याने डोळे मिटून बटण दाबलं. अकरा सेकंद सभागृहात ती खरखर घुमली. तो आवाज ऐकून असो की त्या गार वाऱ्याने, नानांचा घसा खवखवला. त्यांनी खिशातला रुमाल काढला, तोंडावर दाबला, पण चार पहाटे जमलं ते आज जमलं नाही. लांबलचक खरखर, तीन ठोके आणि बारीक शीळ. सगळं जसंच्या तसं.

मागच्या रांगेतल्या दोघांनी पाय वर घेतले. एक पाहुणे खुर्चीखाली वाकून बघू लागले. सविता मॅडमचा हात हवेतच राहिला. त्यांनी एकदा पडद्यावरच्या आलेखाकडे पाहिलं, एकदा तिसऱ्या रांगेतल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि हळूच हात खाली घेतला. प्रशीलला वाटलं, आपण इथून थेट सातपुड्यात निघून जावं.

फक्त एक बाई खुर्चीखाली बघत नव्हत्या. त्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर रेशमा पावरा. मूळच्या शिरपूरकडच्या डोंगराळ गावच्या, आता जळगावात होत्या आणि स्वतःचा निबंध वाचायला आल्या होत्या. त्यांनी ध्वनिक्षेपक मागून घेतला.

"नाना, ही शेवटची शीळ कधीपासून येते?"

नाना भर सभेत उभे राहिले. "दिवाळीपासून असेल. आधी नुसती खरखर होती."

"उद्या सकाळी काही न खाता माझ्याकडे या," डॉक्टर म्हणाल्या. "हा आवाज बेडकाचा नाही. स्वरतंतूवर गाठ असली की असा येतो."

प्रशील व्यासपीठावरून खाली उतरून वडिलांच्या शेजारी जाऊन बसला. बेडकाचा विषय त्याला आठवलाही नाही.

गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी ती काढली आणि नानांना महिनाभर बोलायचं नाही, खाकरायचं तर मुळीच नाही, असं बजावलं. पण वेळेवर आलात, असंही म्हणाल्या. सविता मॅडम भेटायला घरी आल्या. चहा संपवून म्हणाल्या की दोन स्वरपिशव्यांचं मला तेव्हाच पटलं नव्हतं. कलाबाईंनी त्यांना जेवूनच जायला लावलं.

पुढे डॉक्टर पावरांनीच रस्ता काढला. फिरायला येणाऱ्यांचे घसे डब्यांनी टिपायचे आणि त्यातून आजार आधीच ओळखता येतात का, ते बघायचं. वैद्यक त्यांचं, आलेख खैरनार सरांचे, डब्या प्रशीलच्या. शिष्यवृत्तीलाही वर्षभर मुदत मिळाली. मेहरूणकाठी त्या बाभळीपुढे रांग लागू लागली. लोक एकेक करून पुढे येत, नाव आणि फोन सांगत, खाकरत आणि समाधानाने पुढे जात. संगणक आवाज तपासून प्रत्येकासाठी एक निरोप तयार करी आणि ज्याचा घसा संशयास्पद वाटेल त्याला दवाखान्यात बोलावी.

दुसऱ्याच आठवड्यात त्याने एक्केचाळीस लोकांच्या कार्डातून बेचाळीस निरोप काढले. शेवटच्या निरोपात लिहिलं होतं, की आपल्या घशाची तपासणी तातडीने व्हावी. नावाची जागा कोरी होती. प्रशीलने यादी पाहिली, एकेकाला फोन केले. कोणीच कबूल होईना. डॉक्टरांनी आवाज ऐकला आणि त्या म्हणाल्या की असा घसा मी अजून तपासलेला नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी प्रशील रांग लागायच्या आधीच बाभळीपाशी जाऊन बसला. फटफटत होतं. पाण्यालगतच्या गवतातून आवाज आला. आधी घुमल्यासारखा, मग तुटक तुटक. त्याने कान दिला. इतक्या वर्षांत, तीन डब्यांत त्याने असं काही ऐकलं नव्हतं. त्याने फोन काढला. सविता मॅडमचं नाव समोर आलं, त्यावर बोट नेलं, थांबला आणि घरी फोन लावला.

"आई, नाना कुठे आहेत?"

"आठेच शेतस, घरमा," कलाबाई म्हणाल्या. "चहा पी ऱ्हायनात. काबरं?"

"काही नाही," प्रशील म्हणाला आणि ओल्या गवतात हळूच खाली बसला.